विजयालक्ष्मी मॅडम शेरा मारत नाहीत

विजयालक्ष्मी मॅडमना दिसत नाही अशी गोष्ट जगात नाही, आणि दिसलेलं बोलून न दाखवणं त्यांच्या स्वभावात नाही. मी त्यांच्या हाताखाली सरकारी लेखापरीक्षणात नोकरी केली. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर संसार केला. निवृत्त झाल्यावर सुटले एकदाची, असं म्हणत मुलाकडे नोएडाला आले, तर समोरच्याच टॉवरमध्ये त्यांच्या मुलाने, यतीनने, फ्लॅट घेतलेला. माझं नशीब हे असं आहे. त्यांच्यावाचून मला करमत नाही, हेही तितकंच खरं.

त्यांच्या शेऱ्यातून कुणी सुटत नाही. माझ्या मुलाच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना यांनी मागून सांगितलं, की डावी बाजू कललीय. दोन्हीकडचे लोक अंतरपाट सरळ करायला लागले, गुरुजी मंगलाष्टकात कुठवर आलो ते विसरले आणि सगळं पहिल्यापासून म्हणावं लागलं. मराठी मंडळाच्या गणपतीत मॅडम आरतीला समोर उभ्या असल्या की झांजवाला घामाघूम होतो. डॉक्टरकडे गेल्या तरी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागच्या महिन्याचं आहे हे सांगतात, मग स्वतःला काय होतंय ते सांगतात. यात दुष्टपणा अजिबात नाही. दिसलं की जिभेवर येतं आणि वाटेत कुठे थांबत नाही, एवढंच.

गप्प बसायच्या त्या फक्त एका ठिकाणी. एखाद्या कार्यालयाची तपासणी चालू असली आणि काहीतरी मोठं हाती लागणार असा वास आला, की मॅडम चहाचा कप हातात घेऊन स्टोअरकीपरसमोर बसायच्या आणि त्याच्या शर्टाच्या बटणाकडे शांतपणे बघत राहायच्या. प्रश्न नाही, काही नाही. कप संपायच्या आत तो माणूस आपणहून उठून, कुणी विचारलं नव्हतं ते मागचं कपाट उघडून दाखवायचा. त्यामुळे आम्हा हाताखालच्यांना पक्कं माहीत होतं. मॅडम बोलतायत म्हणजे किरकोळ भानगड आहे, मॅडम गप्प आहेत म्हणजे कुणाची तरी शंभरी भरली आहे. यतीन तर हे पाळण्यातच शिकला असणार.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि दिल्लीची हवा रीतीप्रमाणे बिघडली. मला माझ्या खिडकीतून मॅडमची बाल्कनी दिसेना. त्याच सुमारास मॅडमना स्वयंपाकघरात चक्कर आली आणि ब्लडप्रेशर भलतंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी त्यांच्या सुनेला, मयुराला, बाजूला घेऊन बजावलं, की यांना कसलाही धक्का बसता कामा नये. आणि तो आठवडा सरायच्या आत यतीनची नोकरी गेली. व्हिडिओ कॉलवर कुणी एक बाई आल्या, गोड हसल्या, सगळ्या टीमला निरोपाचं भाषण वाचून दाखवलं, आणि आभार मानेपर्यंत यतीनचा कंपनीचा लॅपटॉप बंद पडला होता.

नवरा-बायकोने ठरवलं, आईला हे कळू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून यतीन इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन वेळेवर निघायला लागला. मेट्रो स्टेशनखाली एक कॉफीचं दुकान आहे, तिथे एका कपावर दिवस काढत तो स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवरून नोकरीचे अर्ज करायचा आणि संध्याकाळी दमल्यासारखा घरी यायचा. मयुराने माझ्याकडे येऊन हे सगळं सांगितलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"अगं, तुझ्या सासूबाईंपासून लपवणार आहात तुम्ही? त्यांना पाहुण्यांच्या मोज्याचं भोक बुटाबाहेरून दिसतं."

"तेच तर, काकू. म्हणून तुमच्याकडे आले. क्लबहाउसमध्ये माइंडफुलनेसचा क्लास सुरू झालाय. स्ट्रेससाठी बिल्कुल बेस्ट आहे म्हणतात. आणि त्यात डोळे मिटून बसायचं असतं."

"मग?"

"मग तेवढा वेळ तरी त्यांना काही दिसणार नाही ना."

मला स्वतःला असल्या प्रकारांचा राग आहे. श्वास बिचारा आपला आपण चालतो, त्याच्यावर आणखी देखरेख कशाला? पण पोरीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. मी मॅडमना म्हटलं, मला एकटीला जायला संकोच वाटतो, तुम्ही चला. त्या लगेच तयार झाल्या. कुणाला सोबत करायची म्हटली की त्या एका पायावर तयार असतात, हा त्यांचा गुण मी आधी सांगायला हवा होता.

क्लास घेणारा अंकुर नावाचा मुलगा होता, ऋषिकेशहून शिकून आलोय म्हणून सांगायचा. दाढी, सैल कुडता, आणि आवाज इतका मऊ की मला बसल्या बसल्या जांभई आली. त्याने प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला आणि म्हणाला, "इसे ऐसे देखिए, जैसे ज़िंदगी में पहली बार देख रहे हैं."

सगळ्यांनी पाहिलं. मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं.

"इसमें डंठल है," त्या देठाकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"बहुत अच्छा, मैम. बस देखिए. राय मत बनाइए."

"राय नहीं है. डंठल है."

मग त्याने श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मॅडमनी डाव्या नाकपुडीचं काम समाधानकारक नसल्याचं कळवलं. मग तो म्हणाला, विचार ढगांसारखे असतात, त्यांना येऊ द्या, जाऊ द्या. मॅडमनी खिडकीबाहेरच्या करड्या धुराकडे पाहिलं आणि विचारलं, की दिवाळीपासून इथे ढग दिसलाय कुणाला? शेवटी अंकुरने हात जोडले.

"मैम, जो दिखे, उसे दिखने दीजिए. बोलना नहीं है. घर पर भी. नो कमेंट्स. यही आपका होमवर्क है."

"कब तक?"

"जब तक हो सके."

"म्हणजे पुढील आदेशापर्यंत," मॅडम माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, आणि मला कळलं की काम झालं. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेली बाई. आदेश पटला नाही तरी तो पाळायचा असतो, हे त्यांच्या रक्तात आहे. त्या दिवशी परत येताना लिफ्टमधला आरसा पुसलेला नव्हता. मॅडमनी तो पाहिला, तोंड उघडलं, एक लांब श्वास घेतला आणि तोंड मिटलं. मयुराला मी फोन करून ही बातमी दिली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

आम्ही किती मूर्ख होतो हे कळायला फार दिवस लागले नाहीत. डोळे मिटण्याचा भाग क्लासमध्ये थोडाच होता. उरलेला सगळा वेळ जे समोर आहे ते नीट बघायचं, शांतपणे बघायचं, आणि बोलायचं नाही, हेच शिकवत होते. म्हणजे जगातली सगळ्यात धोकादायक लेखापरीक्षक आम्ही स्वतः हाताला धरून नेऊन आणखी धारदार करून आणली होती.

पहिला बळी मयुरा. दिवाळीच्या उरलेल्या चकल्या मॅडम चहाबरोबर खात होत्या. सावकाश, एकेक वेढा तोडत, सगळं लक्ष चकलीवर ठेवून. मयुरा समोर उभी होती. पहिला वेढा संपायच्या आत तिने कबूल केलं, की चकल्या घरच्या नाहीत, मागवलेल्या आहेत, आणि शेव पण. मॅडमनी काहीच विचारलं नव्हतं. मग कामवालीने सांगून टाकलं, की पलंगाखाली ती फक्त बाहेरच्या कडेला झाडते. मग सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी लॉबीत भेटले. तिथे सोसायटीने हवा शुद्ध करायचं एक भलं मोठं यंत्र ठेवलंय, रात्रंदिवस त्याचा निळा दिवा चालू असतो. मॅडम त्याच्यासमोर उभ्या राहून अंकुरने सांगितल्याप्रमाणे श्वास बघत होत्या. त्यागीजी शेजारी येऊन उभे राहिले, नमस्ते म्हणाले, दोनदा खोकले आणि अचानक म्हणाले, "मैडम, असल में फ़िल्टर लगा ही नहीं है. सिर्फ़ लाइट है."

मी शेजारी होते. मॅडमनी हूं की चूं केलं नाही. त्यागीजींनी त्याच संध्याकाळी फिल्टर बसवून घेतला.

सगळ्यात कहर अंकुरने केला. एका सकाळी ध्यान संपत आलं तेव्हा सगळे डोळे मिटून होते आणि मॅडमचे उघडे होते. त्या त्याच्याकडे बघत होत्या, म्हणजे त्यांच्या मते त्या वर्तमान क्षणात होत्या. मुलगा चुळबुळला. मग खाली बघत म्हणाला, की त्याने ऋषिकेश कधी पाहिलेलं नाही. तो आधी सेक्टर बासष्टमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा, तिथून कमी केलं, तेव्हा स्वतःची झोप उडाली म्हणून हे शिकला, आणि बरं वाटलं म्हणून शिकवायला लागला. सगळ्या क्लासने डोळे उघडले. मॅडम मात्र उठून त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बोलल्या काही नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी बेदाणा शोधत होते, माझा सतरंजीवर पडला होता.

"उत्तरा," घरी जाताना मॅडम तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "लोक हल्ली मला काहीबाही का सांगत सुटतात गं? मी आपली श्वास बघत असते."

मी काय सांगणार, कपाळ? माझ्या डोळ्यांसमोर यतीन होता.

यतीनची अवस्था बघवत नव्हती. रोज संध्याकाळी त्याला आईसमोर बसून चहा प्यावा लागायचा. आई आधी निदान कॉलरबद्दल, केसांबद्दल, चमचा ढवळण्याच्या आवाजाबद्दल बोलायची, तेवढ्यात चहा संपायचा. आता ती नुसती बघायची. त्या शांततेत काहीतरी भरायला हवं म्हणून तो ऑफिसच्या गोष्टी रचून सांगायला लागला. त्याच्या गोष्टींत कपूर सर नावाचे साहेब असायचे. हे गृहस्थ खरे होते, फक्त त्यांनाही त्याच कॉलवर निरोप मिळाला होता. एके दिवशी यतीनने त्यांना सिंगापूरला पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये भेटवलं. मी त्या दिवशी तिथेच जेवायला होते. मयुराने टेबलाखालून त्याला लाथ मारली, ती मला लागली. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पोळीचा तुकडा अगदी मनापासून चावला.

मयुरा मला रोज मेसेज करायची. आईंनी आज पण काही म्हटलं नाही, काकू, मला भीती वाटते. एकदा तर त्या दोघांनी मॅडमना डॉक्टरकडे नेलं, की यांचं बोलणं बंद झालंय. डॉक्टरांनी तपासलं. ब्लडप्रेशर उतरलेलं होतं. भिंतीवर कॅलेंडर अजून जुन्याच महिन्याचं होतं, आणि मॅडमनी त्याच्याकडे एकदा बघून डोळे मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, जे काय करताय ते चालू ठेवा. यतीनला ते ऐकून घामच फुटला.

शेवटी जे व्हायचं ते माझ्यासमोर झालं. मी गाजराच्या वड्या घेऊन गेले होते. मॅडम दिवाणावर बसून संत्र्याची एकेक फोड खात होत्या. अंकुरचा नवा गृहपाठ होता, फोडीचा वास, साल, दोरे, सगळं अनुभवायचं. यतीन नुकताच आला होता. बॅग कोपऱ्यात ठेवून समोर बसला.

"आज कपूर सरांनी माझं काम सगळ्यांसमोर वाखाणलं," तो म्हणाला.

मॅडमनी फोडीवरचा पांढरा दोरा हळूच काढला.

"म्हणजे सगळे नव्हते तसे. चार-पाच जणच होते."

मॅडमनी फोड तोंडात ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"कपूर सर पण नव्हते," यतीन म्हणाला. "ऑफिसच नव्हतं, आई. मला काढून टाकलंय. दिवाळीनंतर लगेच."

मयुरा स्वयंपाकघरातून धावत आली. मी कपाटातलं ब्लडप्रेशरचं मशीन घेतलं आणि घाईघाईत पट्टा गुंडाळून बटण दाबलं. ते घुर्र घुर्र करत फुगलं तेव्हा लक्षात आलं, की मी पट्टा मयुराच्या दंडाला बांधलाय. ती पण इतकी घाबरली होती की हात पुढे करून उभी राहिली. मॅडमनी फोड चावून संपवली, बी हातावर काढून घेतली आणि वाटीत ठेवली.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

मशीन तेवढं वाजत होतं.

"डबा धुऊन आणायला लागलास तू. नोकरी होती तेव्हा कधी धुतलास? आणि रविवारची संध्याकाळ झाली की तुझं तोंड उतरायचं, उद्या सोमवार म्हणून. ते उतरेनासं झालं." मग मयुराकडे वळून, "आणि उत्तराला पुढे करून तू मला ध्यान शिकायला पाठवलंस. तू. माझ्याबरोबर देवळात यायला पण तुला कधी वेळ नसतो."

"पण मग बोलली का नाहीस?" यतीनने विचारलं. "आई, तू, आणि बोलली नाहीस?"

आता मॅडमनी खाली पाहिलं. मी त्यांना मंत्रालयांत भल्याभल्या अधिकाऱ्यांसमोर बसलेलं पाहिलंय. त्यांना नजर खाली घालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"पहिल्या दिवशी कळलं तेव्हाच सगळं तोंडात आलं होतं रे. सरकारी परीक्षा का सोडलीस. एवढा मोठा फ्लॅट कशाला घेतलास. कंपनीचं लक्षण ठीक नाही, हे मी सांगितलं होतं की नाही. सगळे आक्षेप बरोबर होते. एकही चुकीचा नव्हता. तोंडाशी आलं की त्या अंकुरने सांगितलंय तसा श्वास बघायचे. आक्षेप जायचे नाहीत, पण थांबायचे. तेवढ्या वेळात मला कळायचं, की मी हे बोलले, तर हा उद्यापासून संध्याकाळी उशिरा येईल. मग आणखी उशिरा येईल. खोटं सांगायला का होईना, पण रोज माझ्यासमोर येऊन बसत होतास. ते मला घालवायचं नव्हतं."

यतीन उठून दिवाणावर आईच्या शेजारी जाऊन बसला, लहान मूल बसतं तसा अगदी चिकटून. मयुरा पट्ट्यासकट रडायला लागली. मी सुद्धा रडले, सांगायला लाज कसली. मॅडमनी उरलेलं संत्रं आम्हा तिघांना वाटून दिलं आणि ते कसं खायचं याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचं मयुराने मला सांगितलं. यतीन सवयीने लवकर उठला, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बॅग खांद्याला लावली आणि दारात जाऊन बूट घालायला वाकला. मॅडम हॉलमध्ये पेपर वाचत होत्या.

"यतीन," त्यांनी विचारलं, "कुठे निघालास?"

तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्याने बुटाची नाडी सोडली आणि आत आला.